लाटांचे पट्टे, गोल खिडक्या आणि शिंपल्यांची नक्षी
वास्तुजतन : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुंबईत बॅकबेच्या भरावावर १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या अंगावर समुद्र अनेक रूपांनी आला. कठड्यावर लाटा आल्या, जिन्याला जहाजासारख्या गोल खिडक्या आल्या, दारावर शिंपल्याचा पंखा आला आणि सज्जांना डेकसारखे आडवे नळाचे कठडे आले. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिम रांगेपासून आर्ट डेको शैलीची हीच भाषा दादर, माटुंगा, शिवाजी पार्कपर्यंत पोचली. आज या इमारती ऐंशी-नव्वद वर्षांच्या आहेत आणि दुरुस्तीच्या फेरीत सर्वांत आधी नक्षीच तासली जाते. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. गोव्यातून आलेला एक प्रश्नही जोडला आहे, कारण तिथे शिंपला नक्षीत नसून प्रत्यक्ष खिडकीतच बसलेला आहे.

आमच्या इमारतीच्या मुख्य दारावर सिमेंटमध्ये केलेला पंखा आहे. काही जण त्याला शिंपला म्हणतात, काही उगवता सूर्य, तर एका पाहुण्यांनी कारंजे म्हटले. नक्की काय हे कसे ओळखायचे? (दादर)

तिन्ही आकार त्या काळात सर्रास वापरात होते आणि दुरून तिन्ही पंख्यासारखेच दिसतात. फरक कडेला आणि बुडाशी पाहावा.

शिंपला असेल तर फासळ्या बुडाकडे अरुंद आणि वर जाताना रुंद होतात. दोन फासळ्यांमधली खाचही त्याच प्रमाणात वाढत जाते. वरची कड सरळ कमान नसून प्रत्येक फासळीच्या टोकाशी फुगलेली, म्हणजे झालरीसारखी असते. सर्वांत भरवशाची खूण बुडाशी मिळते. स्कॅलप जातीच्या शिंपल्याला बिजागरीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे कान असतात आणि कारागिराने ते बहुधा ठेवलेले असतात. कान दिसले की वाद संपला.

सूर्यकिरणांत रेषा एका बिंदूतून किंवा अर्धवर्तुळातून निघतात, सपाट आणि धारदार असतात, त्यांना झालर नसते. पुष्कळदा ते किरण चौकटीला भिडून तिथेच कापले जातात. कारंज्यात रेषा वर जातात आणि टोकाशी बाहेर वळून खाली पडतात. एकावर एक अशा दोन-तीन थरांचे हे ‘गोठलेले कारंजे’ १९४९ च्या लिबर्टी चित्रपटगृहात भरपूर पाहायला मिळते.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘वरची कड वेलबुट्टीसारखी’ असे आहे, म्हणून शिंपल्याची शक्यता जास्त वाटते. मात्र रंगाचे बरेच थर बसल्यावर झालर आणि कान दोन्ही बुजतात. बुडाशी एक इंचभर जागेवरचा रंग लाकडी पट्टीने हलकेच काढून पाहा. लोखंडी पटाशी वापरू नका, कारण ती रंगाबरोबर नक्षीची धारही घेऊन जाते.

आमच्या सोसायटीच्या दर्शनी बाजूला प्रत्येक मजल्यावर लाटेच्या आकाराचे गिलाव्याचे पट्टे आहेत. जागोजागी पोपडे सुटले आहेत, दोन ठिकाणी सळई दिसते. ठेकेदाराचे म्हणणे असे की सगळे तासून सपाट गिलावा करू आणि पाहिजे तर वर फायबरच्या लाटा चिकटवू. काय करावे? (चर्चगेट परिसर)

सगळे तासायला होकार देऊ नका. तासून झाल्यावर मूळ लाटेचा उंचसखलपणा कुणालाच माहीत नसतो आणि मग चिकटवलेली लाट ही कॅटलॉगमधली लाट असते. शिवाय हे पट्टे केवळ शोभेचे नाहीत. पुढे आलेला पट्टा पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकतो. तो काढून सपाट भिंत केली की पुढच्या पावसाळ्यात खालच्या खिडक्यांच्या माथ्याला ओल येते.

पहिले काम परांचीवरून ठोकून पाहणे. लाकडी दस्त्याने दर १५ सेंटिमीटरवर टकटक करावी आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने वर्तुळ काढावे. मग प्रत्येक मजल्याचा फोटो काढून कागदावर खुणा उतरवाव्यात. पोकळ वाजणारा भाग बहुधा एकूण पट्ट्याचा लहानसा हिस्सा निघतो. तेवढाच काढायचा.

दुसरे काम कारण शोधणे. तीन कारणे वेगवेगळी असतात आणि तिघांचा उपाय एक नाही.

पट्ट्याच्या वरच्या अंगाला केस गेल्यासारखी चीर असेल आणि तिथून पाणी आत उतरत असेल, तर गिलावा फक्त सुटलेला असतो, आतले काँक्रीट ठीक असते. सळईच्या रेषेत लांब चीर आणि तांबूस डाग असेल तर सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आतून रेटा देतो आणि वरचे काँक्रीट फोडतो. आणि तिसरे, जुन्या दुरुस्तीचे चौकोनी ठिगळ कडेने सुटत असेल तर तिथे कुणीतरी फार कडक मिश्रण भरले आहे.

सळईच्या जागी काँक्रीटची तब्येत पाहायला सोपी चाचणी आहे. ताज्या फोडलेल्या, धूळ झटकलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचे १ टक्क्याचे अल्कोहोलमधले द्रावण फवारावे. गडद गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे आणि सळईला सांभाळते आहे. रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची अल्कधर्मिता गेली आहे. ही चाचणी मिठाचा पत्ता देत नाही. समुद्रासमोरच्या इमारतीत खारी हवा वर्षानुवर्षे क्लोराइड आत पोचवते, त्यामुळे गुलाबी रंग येऊनही सळई गंजलेली सापडू शकते. त्यासाठी काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत द्यावी लागते आणि समुद्राकडच्या बाजूला ते करून घ्यावेच.

सळईची दुरुस्ती अशी. गंजलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काँक्रीट उघडायचे आणि सळईच्या मागेही २० ते २५ मिलिमीटर पोकळी करायची. फक्त पुढची बाजू साफ करून मागचा गंज ठेवला तर दोन-तीन पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हा सुटतो. या कामात ही चूक सर्वांत जास्त होते. सळई तारेच्या ब्रशने लखलखीत करून त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर लावावा. तो दुसऱ्या दिवसावर ढकलला तर खाऱ्या हवेत रातोरात पिवळा गंज चढतो. सळईची जाडी दहाव्या हिश्श्याहून अधिक गेली असेल तर पुढचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्या काळातल्या सळया गुळगुळीत आहेत, पीळ किंवा कंगोरे असलेल्या नाहीत. त्यांची पकड कमी असल्याने जोडसळईची लांबी इंजिनिअरनेच ठरवावी. उघडलेली पोकळी पॉलिमर मिसळलेल्या दुरुस्तीच्या मॉर्टरने थराथराने भरायची.

आता लाट. तिला हाताने आकार देत बसू नका, फर्मा म्हणजे लाटेच्या छेदाबरहुकूम कापलेला पत्रा ओल्या गिलाव्यावरून ओढा. शाबूत पट्ट्यावर कंगव्यासारखे दात असलेले आकारमापक दाबून उभा छेद कागदावर घ्यावा. असा छेद किमान तीन ठिकाणी घ्या, कारण रंगाच्या थरांनी एखादी जागा फसवी असते. रंग काढलेल्या जागेवरचा छेद खरा धरावा. त्यावरून २२ गेजच्या जस्ती पत्र्याचा फर्मा कापून कानशीने कडा गुळगुळीत करायच्या आणि तो लाकडी घोडीवर, म्हणजे सरकत्या आधारावर, ठोकायचा. भिंतीवर पाणसळीत सरळ पट्टी मारून तिच्या आधाराने घोडी सरकवायची. पट्टा सरळ असेल तर असा ओढला जातो. लाट आडवी वरखाली जात असेल तर एका लाटेचा पूर्ण आकार प्लायवुडवर कापून तीच पट्टी घोडीची वाट म्हणून वापरायची.

मिश्रण सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६, आकारमानाने. १० मीटर लांब, ३० सेंटिमीटर उलगडलेली रुंदी आणि सरासरी २५ मिलिमीटर जाडी धरली, तर १७–१८ किलो सिमेंट, १२ लिटर चुना आणि ७५ लिटरच्या आसपास वाळू लागते. सांडलवंडीसाठी दहावा हिस्सा वाढवा. पहिल्या थराला २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतली वाळू, शेवटच्या थराला १.१८ ची. चौपाटीची वाळू घरच्या किरकोळ कामालाही नको, तिच्यातले मीठ धुऊनही पूर्ण जात नाही. वाळूतला गाळ पाहायला उभ्या काचेच्या बाटलीत वाळू आणि मिठाचे पाणी घालून हलवावे व तीन तास ठेवावे. वरचा गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू परत करा.

एका वेळी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. पहिला थर करणीने खरवडून एक दिवस ठेवायचा, मग दुसरा. शेवटचा पातळ थर ओला असतानाच फर्मा दोन-तीन वेळा एकाच दिशेने फिरवायचा. उलटा ओढला की कडा फाटतात. सात दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारावे आणि दुपारच्या उन्हात ओला तरट लटकवावा.

ठेकेदार १:३ मिश्रणाचा आग्रह धरतील, कारण ते लवकर कडक होते. ते नको. कडक मिश्रण आक्रसते, कडेने सुटते आणि जाताना मूळ गिलाव्याचा तुकडा ओढून नेते. दुरुस्तीचा माल नेहमी मूळ मालापेक्षा किंचित मऊ असावा. काम पावसाळा संपल्यावर, भिंत वाळल्यावर म्हणजे नोव्हेंबरात सुरू करून मे महिन्याच्या आत संपवावे.

शेवटी पट्ट्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून २०–२५ मिलिमीटर आत, बोटाच्या निम्म्या रुंदीची खाच मिळते का पाहा. तिथे पाणी थेंब होऊन खाली पडते. रंगाने ती बुजलेली असते. ती साफ केल्यावर निम्म्या ओलीच्या तक्रारी जातात.

फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे सहा शिंपले होते, दोन पडून गेले. तसेच दुसरे कसे करून मिळतील? प्लास्टर ऑफ पॅरिसचे चालतील का? (माटुंगा)

बाहेर प्लास्टर ऑफ पॅरिस चालत नाही. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतो आणि मुंबईच्या दोन पावसाळ्यांत फासळ्यांच्या धारा गोल होतात.

चांगल्या चारपैकी सर्वांत शाबूत शिंपला निवडा. त्यावरचा रंग काढून, साबणाचे पाणी किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात देऊन रबरी साचा घ्यायचा. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे सिलिकॉन रबर ब्रशने दोन-तीन थरांत, एकूण ८ मिलिमीटर. सुमारे ३० सेंटिमीटरच्या शिंपल्याला एक ते सव्वा किलो रबर पुरते. घट्ट करणाऱ्या द्रव्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, ते वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने टाकू नका. जास्त टाकले तर रबर लवकर धरते पण आतले बुडबुडे तसेच राहतात. २४ तासांनी रबरावर प्लास्टर ऑफ पॅरिसचे कवच चढवायचे. इथे ते योग्य आहे, कारण ते साच्याला आधार देण्यापुरतेच आहे.

साच्यात भरताना आधी बारीक वाळूच्या मिश्रणाचा ३ मिलिमीटरचा थर, धागा न घालता, म्हणजे दर्शनी बाजूला धागे उघडे पडत नाहीत. मग अल्कलीला टिकणारा काचेचा धागा वजनाने २–३ टक्के घातलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण १:२.५, एकूण जाडी १५ मिलिमीटर. साधा काचधागा सिमेंटमध्ये कालांतराने कमजोर होतो, म्हणून दुकानातून घेताना हे विचारून घ्यावे. असा पोकळ शिंपला तीन-साडेतीन किलोचा होतो. भरीव ओतला तर आठ किलोच्या घरात जातो आणि जुने शिंपले पडण्यामागे हे वजन हे एक कारण असते.

बसवताना ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या ६ मिलिमीटरच्या निदान तीन पिना, भिंतीत ७० मिलिमीटर आत, एकमेकींकडे किंचित तिरप्या, इपॉक्सीत. ३०४ प्रत समुद्राजवळ डाग धरते. साध्या लोखंडी खिळ्यांनी बसवलेला शिंपला खिळ्यांच्या गंजानेच पडतो. जे दोन पडले त्यांच्या जागी भिंतीत तांबडे भोक दिसते का पाहा. दिसत असेल तर उरलेले चारही तसेच बसवलेले असणार. ते पडायची वाट न पाहता पिना बदला.

जिन्याच्या गोल खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी गळते. दरवर्षी सिलिकॉन भरतो, दरवर्षी निकामी होते.

चौकोनी खिडकीला खाली उताराची पाटी असते. वर्तुळाला पाटी नसते, सगळे पाणी तळाच्या एका बिंदूकडे येते आणि तिथेच साचते. म्हणून लोखंडी चौकट घड्याळातल्या ५ ते ७ या भागात आधी खाल्ली जाते. फटीवर सिलिकॉन ओतल्याने पाणी आतच कोंडते.

काच काढा, चौकट लोखंडापर्यंत साफ करा, तळाच्या बिंदूशी बाहेर उघडणारे ६ मिलिमीटरचे भोक ठेवा. चौकटीबाहेरचा गोल गिलावा खालच्या अर्ध्या भागात बाहेर उतरता करा, १० सेंटिमीटरला दीड-दोन सेंटिमीटर. काच चौकटीपेक्षा चहूबाजूंनी ३ मिलिमीटर लहान हवी, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या चौकटीला ५९४ ची. बरोब्बर मापाची काच उन्हात तडकते. बैठकीला पुट्टी वापरा. १ किलो खडूच्या भुकटीला १५० ते १८० ग्रॅम कच्चे जवसाचे तेल घालून कणकेसारखे मळावे आणि रंगाआधी दोन आठवडे सुकू द्यावे. सिलिकॉनच वापरायचे तर न्यूट्रल प्रकारचे घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि लोखंड गंजवते. दरवर्षीच्या त्रासाचे एक कारण तेही असू शकते.

लाटांच्या नक्षीचे लोखंडी कठडे काढून स्टेनलेस स्टीलचे सरळ नळ लावावेत असे बहुमत होत आहे. जुने खरेच टिकत नाहीत का? (मरीन ड्राइव्ह)

टिकतात. कठड्याची नक्षी क्वचितच गंजते, गंजतात ते तिचे पाय. पट्टी जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथे पाणी थांबते, लोखंड फुगते, काँक्रीट फुटते आणि सगळा कठडा हलायला लागतो. मग लोक नक्षीला दोष देतात.

आधी नोंद करा. बटर पेपर नक्षीवर धरून मेणखडूने घासले की पूर्ण आकाराचा ठसा मिळतो. तो गुंडाळून सोसायटीच्या कपाटात ठेवा. कठडा हलवताना प्रत्येक भागाला पत्र्याचे क्रमांक बांधा, कारण हाताने वाकवलेल्या लाटा एकसारख्या नसतात आणि अदलाबदल झाली की सांधे जुळत नाहीत.

जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता आहे. कोरडा घासकागद किंवा ग्राइंडर लावू नका. ओले करून खरवडा, खाली ताडपत्री अंथरा, कचरा गोळा करा, तोंडाला साधा रुमाल नको, गाळणीचा मास्क बांधा आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवा. पायाचा गंजलेला तुकडा कापून ३१६ स्टीलचा पाय लावावा, पण लोखंड आणि स्टेनलेस यांच्यामध्ये नायलॉनची चकती हवी. खाऱ्या दमट हवेत दोन धातू थेट भिडले की लोखंड जलद खपते. मग झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात आणि एनॅमलचे दोन. दोन पट्ट्या एकमेकींवर जिथे येतात ती फट रंगापूर्वी भरा, गंज तिथूनच उठतो. दर ऑक्टोबरात नुसते फिरून पाहिले आणि टिपके दिसतील तिथे हात मारला तरी पुरे.

कठड्याची उंची मात्र आजच्या नियमापेक्षा कमी असू शकते. तेव्हा नक्षी न काढता मागच्या बाजूने एक बारीक आडवा नळ वर वाढवावा. जहाजाच्या डेकला तसाच असतो, त्यामुळे तो परका दिसत नाही.

या भागातल्या सोसायटीने एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१८ साली स्थान मिळाले. त्यात ९४ इमारती आहेत. महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये वारसा इमारती आणि परिसरांसाठी ५२ क्रमांकाचा नियम आहे. दर्शनी बाजूचा कठडा बदलण्याचा ठराव करण्याआधी इमारतीची श्रेणी आणि लागणारी परवानगी वॉर्ड कार्यालयात विचारून घ्या.

देवघराच्या कमानीवर शंख कोरून घेतला. पाहुण्यांनी सांगितले की तो उलट्या फिरकीचा आहे. यात काही तथ्य आहे का?

आहे, आणि ही चूक साच्याच्या कामात हमखास होते. पूजेतला नेहमीचा शंख निमुळते टोक खाली आणि शिखर, म्हणजे वेटोळ्यांचे टोक, वर धरून, तोंड आपल्याकडे केले की त्याचे तोंड उजवीकडे येते. शंखांच्या अभ्यासकांच्या भाषेत तो उजव्या फिरकीचा. परंपरेत शिखर खाली करून धरतात, तेव्हा तेच तोंड डावीकडे येते, म्हणून तो वामावर्ती. दक्षिणावर्ती शंख याच्या नेमका उलटा आणि अतिशय दुर्मिळ.

कारागिराने शंखावरून साचा घेऊन ओतला तर फिरकी बरोबर येते. थेट साच्यातच शंख दिसतो तसाच खोलगट कोरला, किंवा चित्राचा कागद पालथा धरला, तर प्रतिबिंब येते आणि नकळत दक्षिणावर्ती शंख घडतो. तुम्हाला तोच हवा असेल तर हरकत नाही, पण कारागिराला काम देताना कोणत्या बाजूला तोंड हवे ते बाण काढून लिहून द्या.

फ्लोरिडातल्या मायामी बीचच्या इमारती आणि मरीन ड्राइव्ह यांची नक्षी सारखीच वाटते. एकाने दुसऱ्याची नक्कल केली का? (न्यू जर्सी)

नक्कल नाही, दोघांचा पूर्वज एक. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनातून पसरलेली आर्ट डेको शैली आणि त्या काळातली प्रवासी जहाजे. १९३५ साली नॉर्मंडी आणि १९३६ साली क्वीन मेरी पहिल्या सफरीवर निघाल्या, आणि गोल खिडक्या व डेकचे कठडे आधुनिकतेची खूण बनले. फरक मालात आहे. मायामीत प्रवाळाचे अवशेष असलेला स्थानिक चुनखडक दर्शनी भागाला लावतात, मुंबईत बहुतेक नक्षी गिलाव्यात आणि काँक्रीटमध्ये आहे. मुंबईत ती रचणारे वास्तुकारही इथलेच होते. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचे सूना महल (१९३७) गजानन बाबूराव म्हात्रे यांचे.

आजोळच्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले आहेत. काही फुटले, काही पांढुरके झाले. नवे कुठे मिळतील, आणि जुने स्वच्छ कसे करायचे? (मडगाव)

हा शिंपला म्हणजे प्लॅक्युना प्लॅसेंटा, चपटा आणि अर्धपारदर्शक. गोव्यात तो अजून चिखलीजवळच्या खाडीत जिवंत आढळतो. तिथून किंवा कुठल्याही खाडीतून नवे शिंपले आणण्याचा विचारही करू नका. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. बाजारात कुणी ‘ताजे’ शिंपले दाखवले तर परत पाठवा. योग्य वाट एकच, पडझड झालेल्या जुन्या घरांच्या खिडक्या विकत घेऊन त्यातले शाबूत शिंपले काढणे.

आधी दोन गोष्टी पाहा. शिंपला आयताकृती कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत वरून सरकवलेला असतो आणि कौलांसारखा वरचा शिंपला खालच्याच्या कडेवर येतो. म्हणजे एक फुटला तर त्याच्या वरचे सगळे आधी काढावे लागतात. ओढून काढू नका. वरची लाकडी पट्टी सोडवा आणि एकेक वर सरकवा. काढतानाच प्रत्येकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलने क्रमांक घाला, मापे सारखी नसतात.

पांढुरकेपणा दोन प्रकारचा असतो. वर बसलेली धूळ आणि मीठ मऊ कोरड्या ब्रशने, मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने निघते आणि लगेच कोरडे करावे. शिंपल्याचे पापुद्रेच सुटू लागले असतील तर तो पांढरेपणा निघत नाही, आणि घासल्याने आणखी पापुद्रे उडतात. लिंबू, व्हिनेगर, शौचालय साफ करायचे ॲसिड यांपैकी काहीही लावू नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्लाने तो फेसाळतो आणि कायमचा खडबडीत होतो. वार्निशही नको. त्याने तो पहिल्या वर्षी चमकतो, मग उन्हात पिवळा पडतो आणि वार्निशाबरोबर पापुद्रा सुटतो.

चीर गेलेला पण जागेवर असलेला शिंपला तसाच ठेवावा. मागून टिश्यू पेपरची बारीक पट्टी पाण्यात विरघळणाऱ्या खळीने चिकटवली तर तो अनेक वर्षे टिकतो आणि पट्टी केव्हाही भिजवून काढता येते. शाबूत शिंपले कमी पडले तर ते पावसाची झड न लागणाऱ्या व्हरांड्याकडच्या खिडक्यांना न लावता दर्शनी तावदानांत वरच्या ओळींना लावा, आणि खालच्या एक-दोन ओळींना तात्पुरती दुधी काच त्याच मापात कापून सरकवा. खालच्या ओळी झडीत जास्त भिजतात आणि सर्वांत आधी जातात. काचेची जाडी २ मिलिमीटर घ्या. शिंपला त्याहून पातळ असला तरी खाचेत थोडी सैल जागा असते. ३ मिलिमीटरची काच जबरदस्तीने घुसवली तर जुने सागवान खाचेपाशी चिरते.